जितके मेण, तितका नियम

पच्चक्खाणाची मुदत घड्याळावर मोजण्याची सवय आता घरोघरी झाली आहे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, पोरिसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर. पंचांगात किंवा मोबाइलवर वेळ पाहिली की झाले. परंतु हाताशी घड्याळ नव्हते त्या काळी श्रावकांनी मुदतीसाठी अगदी साध्या खुणा योजिल्या होत्या, आणि सांकेतिक पच्चक्खाणांत त्या अजून जपलेल्या आहेत. अंगठा मुठीत आहे तोवर, मूठ मिटलेली आहे तोवर, वस्त्राची गाठ सुटत नाही तोवर, घरात पाऊल पडत नाही तोवर, घाम वाळत नाही तोवर, ठरवलेले श्वास पुरे होत नाहीत तोवर, पाण्याचे थेंब सुकत नाहीत तोवर. आणि आठवी खूण, दिवा जळतो आहे तोवर. यांपैकी मुठीचे आणि गाठीचे पच्चक्खाण आजही अनेक घरांतील वडीलधारी मंडळी घेतात. दिव्याची खूण मात्र व्यवहारातून गेली आणि एका कथेपुरती उरली.

ती कथा साकेत नगरीच्या चंद्रावतंसक राजाची. एका रात्री राजाने अभिग्रह धारण केला, की समोरचा दिवा जळत आहे तोपर्यंत कायोत्सर्गात उभे राहायचे. दिव्यातील तेल एका प्रहराचे होते. प्रहर सरत आला तेव्हा दासीने पाहिले की वात मंदावते आहे. धनी अंधारात राहू नयेत म्हणून तिने तेल घातले. दुसऱ्या प्रहरी पुन्हा घातले, तिसऱ्या प्रहरी पुन्हा. राजा नियमाला बांधलेला, त्यामुळे हलला नाही आणि बोललाही नाही. पहाटे दिवा विझला तेव्हा त्याच्या पायांत त्राण उरले नव्हते. तो कोसळला आणि त्याच अवस्थेत त्याने शुभ भावाने देह ठेवला. व्याख्यानांत ही कथा राजाच्या दृढतेसाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण घरात मुले असलेल्या माणसाने तिच्यातील दासीकडेही जरा थांबून पाहावे. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला नियमाची मर्यादा ठाऊक नव्हती, इतकेच; आणि तिच्या हातात तेलाचे भांडे होते.

आपल्या घरांत मुलांच्या संकल्पांचे असेच होते. मुलगी ठरवते की सुट्टीत रोज एक गाथा पाठ करीन. चार दिवस ती करते. पाचव्या दिवशी वडील कौतुकाने म्हणतात, ‘छान जमते आहे, मग दोन कर.’ मुलगा ठरवतो की जेवताना मोबाइल घेणार नाही. आठवडा नीट गेला की आई म्हणते, ‘आता झोपतानाही नको.’ तेल घालणारा हात प्रेमाचाच असतो. परंतु मुले हिशेबाला पक्की असतात, आणि व्यापाऱ्याच्या घरातील तर अधिकच. संकल्प पूर्ण केला की तो वाढवून मिळतो, हे एकदा लक्षात आले की पुढच्या वेळी मूल भाव पाडून सांगू लागते. दहा जमत असताना चार बोलते, सहा राखून ठेवते. काही मुले त्याहून सोपा मार्ग धरतात: ती संकल्पच करीत नाहीत. अशा मुलाला घरात ‘जिद्द नाही’ असे म्हटले जाते.

हे थांबवायला उपदेशापेक्षा एखादी वस्तू अधिक उपयोगी पडते. दिव्यात तेल घालता येते, मेणबत्तीत घालता येत नाही. जितके मेण चढवले तितकेच तिचे आयुष्य, आणि ते मूल स्वतःच्या हाताने चढवते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर मेणबत्ती करण्यात हा खरा लाभ आहे. रंग, सुगंध आणि सजावट यांसाठी बाजार भरलेला आहेच.

आता एक आक्षेप आधीच विचारात घ्यायला हवा, कारण तो आपल्याच घरातून येईल आणि तो रास्त आहे. अग्नी पेटवणे ही तेउकायाची विराधना, विझवणे हीसुद्धा विराधना, आणि ज्योतीवर झेप घेणारे पतंग व चिलटे वेगळीच. मग ज्या कामात चूल पेटवावी लागते ते संस्कार म्हणून मुलांच्या हाती का द्यावे? याचे उत्तर झाकून ठेवण्याचे कारण नाही. हे काम निरारंभ नाही. पण घरात रोजचा स्वयंपाकही निरारंभ नसतो, आणि जयणा शिकवायची असेल तर ती आरंभाच्या ठिकाणीच शिकवता येते. पुंजणीने शेगडी पुंजून घेणे, बर्नरच्या छिद्रांत मुंगी नाही ना हे वाकून पाहणे, पाणी गाळून घेणे, भांड्यावर झाकण ठेवणे, काम दिवसाउजेडी उरकणे: एरवी हे सारे आई किंवा आजी करते आणि मुलाला त्याचा पत्ता नसतो. या दिवशी ते मुलाचे काम. आणि ज्या घरी ज्योत अजिबात नको असेल त्यांच्यासाठी गाठीची खूण आहेच. तिच्याकडे पुढे येऊ.

मेण कोणते घ्यावे, हा प्रश्न आपल्या वाचकांना इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा. मधमाशीचे मेण बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून महाग विकले जाते. मध आपण ज्या कारणासाठी वर्ज्य मानतो तेच कारण त्याच पोळ्यातून निघालेल्या मेणाला लागू पडते, त्यामुळे ते बाजूला ठेवावे. युरोपात शतकानुशतके सामान्य घरांत जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या जळत. धूर आणि दुर्गंधी दोन्ही देत. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने चरबीपासून स्टिअरिक आम्ल वेगळे करण्याचा मार्ग दाखवला आणि मेणबत्ती कडक व स्वच्छ झाली, तरी मूळ बहुधा चरबीचेच राहिले. त्याच शतकात खनिज तेलापासून पॅराफिन मेण मिळू लागले आणि आज दुकानात मिळणारी साधी पांढरी मेणबत्ती बहुतेक त्याचीच असते. पॅराफिनमध्ये प्राणिज काही नाही. मात्र कडकपणासाठी आजही त्यात स्टिअरिक आम्ल मिसळण्याची पद्धत आहे, आणि ते पामतेलापासून होते तसेच चरबीपासूनही होते. तेव्हा मेण घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, आणि शक्य तर मुलालाच विचारायला लावावे. माल कशाचा आहे हे विचारल्याशिवाय न घेण्याची सवय दुकानदाराच्या मुलाला पुढे जन्मभर लागणार आहे. सोयाबीनचे मेणही मिळते. ते वनस्पतिजन्य असले तरी त्याचे पेल्यात ओतायचे प्रकार मऊ असतात आणि पुढे सांगितलेल्या रीतीला चालत नाहीत. खडूचे रंग मेणात टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. त्यातील रंगद्रव्य वातीत अडकते आणि ज्योत गुदमरते, म्हणून मेण पांढरेच ठेवलेले बरे.

साच्यात ओतून केलेली मेणबत्ती झटपट होते, सुबक दिसते आणि मुलाला फारसे काही शिकवीत नाही. ओतणारा मोठा माणूस, थिजवणारा वेळ, बाहेर काढताना टाळी मुलाची. त्यापेक्षा जुनी रीत घ्यावी: वात पातळ मेणात बुडवायची, वर काढायची, थिजू द्यायची, पुन्हा बुडवायची. दर बुडीला कागदासारखा एकच थर चढतो. बोटभर जाडीची मेणबत्ती व्हायला पंचवीस-तीस बुड्या लागतात.

त्यासाठी उंच, अरुंद असा स्टीलचा जुना डबा घ्यावा. तो नंतर स्वयंपाकात वापरायचा नाही. वीतभर उंचीच्या डब्याला साधारण एक किलो मेण पुरते. डबा थेट शेगडीवर कधीही ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात डबा, आणि आच मंद. पाणी उकळून उकळून १०० अंशांवरच राहते, त्यामुळे मेण पेट घेईल इतके तापत नाही. पातेल्यातले पाणी आटू देऊ नये एवढी काळजी घ्यावी. साधे पॅराफिन ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि बुडवण्यासाठी ते साधारण ७० अंशांवर असावे. शेगडीजवळ एक मोठे माणूस पूर्ण वेळ उभे हवे. गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून बाहेर जायचे नाही. सैल बाह्या आणि मोकळे केस नकोत, अंगात सुती कपडे असावेत. मेण हातावर सांडले तर तो हात लगेच थंड पाण्यात धरावा. मेणानेच पेट घेतला, तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये: गॅस बंद करून डब्यावर घट्ट झाकण ठेवावे. उरलेले मेण मोरीत ओतले तर ते नळीत जाऊन थिजते आणि प्लंबरचे बिल मेणाहून जास्त येते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाने मेणाचे तुकडे मोजून डब्यात टाकावेत आणि वात मोजून कापावी. बुडवण्याचे काम आठ-नऊ वर्षांपासून पुढे, तेही शेगडी बंद करून डबा खाली घेतल्यावर. मेण निवू लागले की पुन्हा तापवता येते. सुताची पीळदार किंवा विणलेली वात घ्यावी, तिच्या खालच्या टोकाला लोखंडी नट बांधावा म्हणजे ती सरळ राहते, आणि वरचे टोक काठीला बांधावे. पहिल्यांदा वात मेणात थोडा वेळ बुडवून भिजू द्यावी, काढून बोटांनी ताणून सरळ करावी. त्यानंतरची प्रत्येक बुडी मात्र क्षणाची. आत घालून लगेच बाहेर.

मुलाला जे शिकायचे ते याच ठिकाणी आहे आणि ते कोणी सांगावे लागत नाही. घाईचे मूल समजते, की जास्त वेळ आत ठेवले तर जास्त मेण चिकटेल. प्रत्यक्षात उलट होते. गरम मेणात रेंगाळलेली वात आधीचे थरसुद्धा गमावते; मूल बाहेर काढून पाहते तर मेणबत्ती बारीक झालेली. दुसरे मूल मधला थांबा गाळते. थर मऊ असतानाच पुन्हा बुडवतो, आणि मेण खाली ओघळून गाठी होतात. दोन बुड्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटे नुसते धरून उभे राहावे लागते. त्या वेळात काय करायचे, असे मुले विचारतात. काहीच करायचे नाही. दुधासारखे अर्धपारदर्शक मेण कडेकडेने पांढरे होत जाते, ते पाहायचे. सामायिकात बसलेल्या मुलाला ‘मन स्थिर ठेव’ म्हणून सांगणे सोपे आहे, पण ते मन ठेवायचे कशावर हे त्याला कळत नाही. येथे त्याच्या हातात एक गोष्ट आहे, आणि लक्ष हलले की ती गोष्ट तत्काळ दाखवून देते.

दहा-बारा बुड्यांनंतर मेणबत्ती कोमट असतानाच गुळगुळीत पाटावर हलके लाटून सरळ करावी. शेवटची बुडी थोड्या अधिक गरम मेणात द्यावी, म्हणजे अंगावर तकाकी येते. खालचा नट कापून काढावा. पूर्ण निवल्यावर मुलाला डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायला सांगावे. जिथे फुगवटा लागेल तिथली बुडी कोणती होती, हे त्याला बहुधा आठवते.

बोटांनी मेण पाहण्याची ही रीत महाबळेश्वरात एका मोठ्या उद्योगाचा आधार झाली आहे. ऐन उमेदीत दृष्टी गमावलेले भावेश भाटिया यांनी मुंबईत अंधांच्या राष्ट्रीय संघटनेकडे मेणबत्त्या करण्याचे शिक्षण घेतले, महाबळेश्वरच्या बाजारात गाडीवर त्या विकल्या, आणि १९९४ मध्ये ‘सनराइज कॅन्डल्स’ उभी केली. तेथे मेणबत्त्या करणारे बहुसंख्य हात दृष्टिबाधितांचे आहेत. सुरुवातीच्या दिवसांत रोजच्या विक्रीतून थोडी रक्कम बाजूला काढायची आणि तिच्यातून उद्याचे मेण घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. आपल्या पेढ्यांचे मूळ शोधले तर बहुतेक ठिकाणी हाच क्रम सापडेल.

आता संकल्प. तो मेण तापवण्यापूर्वी ठरावा, कारण बुड्या कशासाठी चालल्या आहेत हे मुलाला ठाऊक असायला हवे. दिवाळीला दुकानात नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर ‘श्री’ची शिखरे रचली जातात; गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्नांचे सौभाग्य, अभयकुमारांची बुद्धी मागितली जाते. ही मागणी मोठी असते आणि ती परंपरेने चालत आलेली आहे. परंतु त्याच वहीच्या आतल्या पानावर कोणताही व्यापारी ‘यंदाचा नफा इतका’ असे आधी लिहून ठेवीत नाही. तेथे रोज झालेला व्यवहार रोज लिहिला जातो, आणि नफा वर्षाअखेरीस आपोआप निघतो. मुलांच्या बाबतीत मात्र हेच व्यापारी आईवडील उलट करतात. ‘पहिल्या पाचात येईन’ हा मुलाने लिहून दिलेला आगाऊ नफा झाला. तो त्याच्या हातात नाही. वर्गातील इतर चाळीस मुलांच्याही हातात तो थोडाथोडा आहे. ‘रोज एक घडी गणित करीन’ हा व्यवहार आहे, तो लिहिण्याजोगा.

तेव्हा संकल्पाला तीन प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे मुलाने द्यावीत. हे काम फक्त मी एकट्याने होण्यासारखे आहे का? आज झाले की नाही, हे मला आजच सांगता येईल का? आणि हे संपणार कधी? तिसरा प्रश्न पालकांना खटकतो. चांगली सवय कायमची लागावी, तिला मुदत कशाला, असे त्यांना वाटते. पण आपल्याकडे श्रावकाच्या लहान नियमांना मुदत असण्याची मोठी परंपरा आहे. नवकारशी सूर्योदयानंतर दोन घड्यांनी संपते, आणि म्हणून उद्या पुन्हा घेता येते. ज्याला शेवट दिसत नाही असा नियम दहा वर्षांचे मूल घेते तेव्हा ते बहुधा आपल्याला खूश करण्यासाठी घेते.

मुदत मेणबत्तीवरच आखावी. एक घडी म्हणजे २४ मिनिटे. तयार मेणबत्ती एकदा २४ मिनिटे जाळून ती किती उतरली ते पट्टीने मोजावे. प्रत्येकाच्या मेणबत्तीची जाडी निराळी, वात निराळी, म्हणून दुसऱ्याचे माप चालत नाही. भावाबहिणींच्या मेणबत्त्या सारख्या वेगाने जळत नाहीत, हे त्यांना त्यातून कळते आणि तुलना करण्याची हौस थोडी निवते. मग तेवढ्याच अंतराने सुईने आठ रेघा कोराव्यात. आठ रेघा म्हणजे आठ घड्या, आठ दिवसांची एक अठ्ठाई. रोज ठरल्या वेळी मेणबत्ती लावायची, ती जळते तोवर ठरलेले काम करायचे, आणि रेघ आली की लहान वाटी उपडी धरून ज्योत शांत करायची. फुंकर नको. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी चिलटे फार होतात, म्हणून ही घडी सकाळची किंवा दुपारची ठेवावी, आणि ज्योतीभोवती काचेची नळी असावी.

ज्या घरी ज्योत नको, त्यांनी मेणबत्तीच्या मधोमध आठ गाठींचा दोरा बांधावा. रोज काम झाले की एक गाठ सोडायची. मेणबत्ती न पेटताच राहते, आणि आजोबांच्या गंठसी पच्चक्खाणाचे नाते नातवाला समजते. काही कुटुंबे आठवी गाठ सुटल्यावर, निर्वाणाच्या पहाटे, ती मेणबत्ती एकदाच लावणे पसंत करतील. काही तशीच कपाटात ठेवतील. दोन्ही ठीक.

एखाद्या दिवशी काम झाले नाही तर? त्या दिवशी मेणबत्ती लागत नाही, गाठ सुटत नाही. एवढेच. तारखेचे पान उलटून जाते आणि मुलाला हरल्यासारखे वाटते. मेणबत्ती मात्र जिथे होती तिथेच थांबते. शिक्षा नको, आणि ‘मी सांगितले होते’ हे वाक्यही नको. आठ घड्या आठ दिवसांत झाल्या काय आणि अकरा दिवसांत झाल्या काय, त्या आठच आहेत. मोठ्यांनी स्वतः न झालेल्या दिवसाबद्दल दोन शब्द मोकळेपणाने बोलावेत. आलोयणा ही गोष्ट मुले ऐकून शिकतात.

बक्षिसाचा मोह येथे सर्वांत मोठा. आठ रेघा पुऱ्या केल्यास सायकल, असे कोणीतरी नक्की म्हणेल, आणि म्हणणारा बहुधा मामा असेल. राजगृहीच्या पुणिया श्रावकाची कथा पाठशाळेतील प्रत्येक मुलाला येते. कापसाच्या पुण्या विकून दिवसापुरते मिळवणारा तो माणूस, आणि त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घ्यायला श्रेणिक राजा दारात उभा. राज्य देऊनही त्याची किंमत होईना. जे राजाला विकत घेता आले नाही ते सायकलीला विकायची सवय मुलाला आपणच लावतो. त्यातून आणखी एक नुकसान होते: बोलीच्या बाजारात भाव वाढतच जातो, आणि दुसऱ्या मेणबत्तीच्या वेळी मूल आधी सायकलीच्या पुढची वस्तू विचारते.

त्यापेक्षा मामाने, आणि वडिलांनीही, आपापली मेणबत्ती करावी. वहीपूजनाच्या आधीचे दिवस दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते हे खरेच. म्हणून तर या दिवसांत घेतलेला नियम वजनदार ठरतो. जेवणाच्या वेळी एक घडी फोन गल्ल्यात ठेवीन, एवढा वडिलांचा नियम पुरे. मुले त्याची राखण फार कडकपणे करतात. वडिलांनी तिसऱ्याच दिवशी ‘फक्त एक फोन’ म्हणून हात पुढे केला, तर मेणबत्ती शांत करायला सगळ्यांत लहान मुलगी वाटी घेऊन उभी असते.

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर जी व्याख्याने सुरू केली, त्यांचा सारा विषय एक मेणबत्ती होता. ज्योत प्रत्यक्षात घन मेणाला जाळीत नाही. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते, आणि जळते ती वाफ. विज्ञानाचे आठवीचे पुस्तक घरात असेल त्या मुलाला हे स्वतः पाहू द्यावे. ज्योतीच्या अगदी मुळाशी, वातीभोवती, काळसर पोकळी दिसते. तेथे अजून जळलेले काहीच नसते. पहिल्या घडीला मुले कामापेक्षा ज्योतीकडेच जास्त पाहतात. पाहू द्यावे. तिसऱ्या-चौथ्या घडीला ती आपोआप पुस्तकाकडे वळतात.

आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरीस भगवान महावीरांचे निर्वाण झाले, आणि कल्पसूत्र सांगते की तेथे जमलेल्या मल्ल व लिच्छवी गणराजांनी ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून द्रव्याचा प्रकाश केला. परंपरेने ते वर्ष इसवी सन पूर्व ५२७. त्याच रात्री गौतमस्वामींना केवलज्ञान झाले. त्यांचा अडसर कोणता होता, हे मुलांना सांगताना आपण थोडे अडखळतो, कारण तो वाईट नव्हता: भगवंतांवरचा स्नेहराग. प्रेमसुद्धा कुणाच्या तरी वाटेत उभे राहू शकते, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलीला आपल्या कल्पनेपेक्षा लवकर समजते. तिच्या घडीच्या वेळी दारातून डोकावून ‘जमते आहे ना?’ विचारणारे आपणच असतो.

आठवी रेघ संपल्यावर मेणबत्तीचा बोटभर तुकडा उरतो, कारण अगदी बुडापर्यंत जाळायची ती नसतेच. काही पालकांना तेव्हा वाटते, की एवढी आहेच तर नववा दिवसही होऊन जाऊ दे. तो तुकडा डब्यात परत टाकावा, डब्याचे झाकण लावावे, आणि पुढची वात केव्हा कापायची ते मुलाने सांगेपर्यंत डबा माळ्यावर ठेवावा.